शाई फुटते? बोरू तासण्याआधी अनुस्वार बघा

जून उलटला की सुलेखनाचा छंद असणाऱ्यांची एक तक्रार हमखास कानावर येते. बोरू, म्हणजे तिरप्या टोकाची कापलेली लेखणी, तोच, दौत तीच, कागदाचा गठ्ठाही दिवाळीत भेटकार्डं केली तोच. पण आता अक्षराची कड स्वच्छ उमटत नाही. कडेला बारीक तंतू फुटतात, ‘ळ’चे डोळे भरून जातात, शिरोरेघेखाली शाईची सावली पडते. त्यातून गणपती तोंडावर आलेले असतात, आरासीची पाटी लिहायची असते आणि घरात सुलेखन येणारं माणूस एकच.

मग सल्ले सुरू होतात. शाई बदला. निब बदला. जाड कागद घ्या. हे सल्ले कधी ना कधी लागूही पडतात, पण आपल्या बाबतीत त्यातला कुठला लागू आहे हे ठरवायचं कसं, ते कुणी सांगत नाही. माझं मत असं की घरी लिहिणाऱ्याची शाई फुटते तेव्हा बहुतेक वेळा दोष कागदाचा असतो आणि शिक्षा बोरूला होते. तासून तासून बोरू निम्मा होतो, शाईच्या चार बाटल्या जमतात आणि कागदाचा गठ्ठा पलंगाखाली होता तसाच राहतो.

म्हणून आधी रोग ओळखू, मग औषध.

अनुस्वाराची परीक्षा

‘शाई फुटते’ या एका वाक्यात निदान चार वेगळ्या तक्रारी दडलेल्या असतात. त्या वेगळ्या करायला अख्खा मजकूर लिहायची गरज नाही, चार-पाच अनुस्वार पुरतात. बोरू शाईत बुडवा, नेहमीच्या कोनात कागदावर टेकवा, त्याच्या टोकाच्या रुंदीइतकाच सरकवा आणि उचला. शंकरपाळ्यासारखा तिरपा चौकोन उमटायला हवा, चार कोपरे टोकदार आणि चार कडा सरळ. भिंग असेल तर उत्तम, नाहीतर मोबाइलच्या कॅमेऱ्यातून मोठं करून बघा.

कोपरे गोल झालेत, पण कडा गुळगुळीत आहेत, तर कागद निर्दोष आहे. शाई गरजेपेक्षा जास्त उतरते आहे. म्हणजे गडबड बोरूच्या चिरेत (शाई उतरावी म्हणून टोकाला पाडलेल्या फटीत), बुडवण्यात किंवा हाताच्या गतीत.

चौकोन ओळखू येतो, पण चारही कडांना तंतू फुटलेत आणि ते वेडेवाकडे कुठेही धावतात, तर शाई कागदाच्या धाग्यांमधून वाट काढते आहे. हे खरं फुटणं.

कड बरीचशी ठीक आहे, पण तिच्याभोवती निळसर, जांभळट किंवा तपकिरी वलय दिसतं, तर संशय शाईवर घ्या. अनेक काळ्या शाया दोन-तीन रंगद्रव्यं मिसळून केलेल्या असतात. त्यातलं जे पाण्याबरोबर जास्त लांब वाहतं ते बाहेर वलय करून बसतं.

एका ओळीत अक्षर सुंदर आणि त्याच ओळीत चार बोटं पुढे फुटलेलं, असं असेल तर बोरूला आणि शाईला हात लावू नका. कागदाचा तेवढाच भाग बिघडलाय. का बिघडलाय ते पुढे सांगतो, कारण पावसाळ्यातल्या तक्रारींचा मोठा हिस्सा हाच असतो.

तंतू फक्त एकाच कडेला फुटत असतील तर टोकाचा एक कोपरा कागद खरवडतो आहे. देवनागरीसाठी बोरूचं टोक रोमनच्या उलट दिशेला तिरपं कापतात. रोमन कापाचं निब घेऊन कुणी देवनागरी लिहायला बसलं की मनगट वळवावं लागतं, एका कोपऱ्यावर भार येतो, तिथला कागद सोलवटतो आणि त्या चरात शाई शिरते. दुकानात निब किंवा मार्कर घेताना ‘देवनागरी कट’ असं स्पष्ट मागा.

साक्षीचा कागद

निदान पक्कं करायला एक सवय फार उपयोगी पडते. ज्या कागदावर अक्षर उत्तम आलं त्याच्या दोन-तीन बोटं रुंदीच्या पट्ट्या कापून हवाबंद पिशवीत घालून ठेवायच्या. मी प्रत्येक पट्टीवर मागच्या बाजूने कागदाचं नाव, दुकान आणि महिना पेन्सिलीने लिहून ठेवतो. शाई फुटायला लागली की तोच बोरू आणि तीच शाई घेऊन त्या पट्टीवर अनुस्वार काढायचा. तिथे चौकोन नीट उमटला तर बोरू आणि शाई दोघंही सुटले. तिथेही फुटला तर कागद सुटला. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा नियम मोडलात की निदान संपलं. नवी शाई, नवा कागद आणि नवं निब एकदम आणलं, अक्षर सुधारलंही, तरी कशामुळे सुधारलं ते पुढच्या पावसाळ्यापर्यंत कळणार नाही.

साक्षीची पट्टी नसेल तर पाण्याचा थेंब. संशयित कागदाच्या कोपऱ्यावर साध्या पाण्याचा एक थेंब ठेवा आणि घड्याळ बघा. मिनिटभर थेंब फुगीर राहिला आणि खालचा कागद काळवंडला नाही तर कागद लिहिण्याजोगा आहे. दहा-पंधरा सेकंदांत थेंब बसला आणि ओला डाग पसरायला लागला तर त्या कागदावर पातळ शाई टिकणार नाही. कागद कारखान्यांत याचीच शिस्तीतली आवृत्ती वापरतात, तिला कॉब चाचणी म्हणतात. ठरावीक क्षेत्रफळावर बहुधा ६० सेकंद पाणी ठेवून कागदाने किती ग्रॅम शोषलं ते वजन करून काढतात. आपल्याला वजनाची गरज नाही, थेंब पुरतो. दोन्ही बाजू मात्र तपासा. यंत्रावर बनलेल्या कागदाची जाळीकडची बाजू आणि वरची बाजू यांत फरक असतो आणि कधीकधी कागद नुसता उलटला की तक्रार मिटते.

कागद बिघडतो म्हणजे काय होतं

कागद म्हणजे वनस्पतीच्या धाग्यांचा दाबून वाळवलेला थर. नुसते धागे असतील तर तो टीपकागद, पाणी लागलं की धाग्यांमधल्या फटींतून चारी बाजूंना पळतं. लिहिण्याच्या कागदाला म्हणून खळ देतात. व्यापारी भाषेत याला साइझिंग म्हणतात. पूर्वी स्टार्च, सरस किंवा राळ-तुरटी वापरत, आता बहुतेक कारखान्यांत कृत्रिम रसायनं. काम तेच, धाग्यांनी पाणी पिऊ नये.

आपल्याकडे जुन्नर किंवा दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्यात हाती कागद बनायचा तेव्हाही खळ लावून, वाळवून, गुळगुळीत दगडाने घोटूनच तो लिहिण्याला द्यायचे. घोटीव कागद तो हाच. जुनी मोडी कागदपत्रं पाहायची संधी मिळाली तर रेषेची कड बघा. बोरू आपल्यासारखाच, शाई काजळीची, पण कड स्वच्छ. त्या कारकुनांच्या हाताला कसब होतंच, पण हाताखालचा कागदही तसा तयार केलेला होता.

यातूनच जाड कागदाचा गैरसमज सुटतो. जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन. ते वाढलं की शाई मागे उतरत नाही, एवढंच. कडेला फुटणं थांबेलच असं नाही. चांगली खळ असलेला ८० जीएसएमचा बाँड पेपर स्वच्छ रेष देतो आणि ३०० जीएसएमचा देखणा हँडमेड कागद शाई पिऊन टाकतो, असं सर्रास होतं. हँडमेडचे बरेच प्रकार पाकिटं, पिशव्या आणि पत्रिकांसाठी बनतात, छापाईला खळ कमी असली तरी चालते. घेताना “साइझिंग केलेला आहे का?” असं विचारा, आणि दुकानदार गोंधळला तर एक तुकडा मागून तिथेच बोटाने पाण्याचा थेंब टाका. दुकानदार वैतागतो. टाका तरीही.

आता पावसाळा. मुंबई, कोकण आणि गोव्यात जुलै-ऑगस्टमध्ये हवेतली आर्द्रता ८०-९० टक्क्यांवर रेंगाळते. कागद हवेतलं पाणी शोषतो, धागे फुगतात आणि आधीच अर्धवट ओल्या धाग्यात शाईला वाट सोपी होते. हा झाला तात्पुरता बिघाड, वाळवला की जातो. दुसरा बिघाड कायमचा. कागद महिनोन्महिने दमट जागी राहिला की त्यावर बुरशी धरते. डोळ्यांना दिसणारे तपकिरी ठिपके नंतर येतात, त्याआधीच बुरशीने जागोजागची खळ खाल्लेली असते. खास करून स्टार्च किंवा सरसाची खळ असलेल्या कागदांचं हे दुखणं. वॉटरकलरवाल्यांना ते चांगलं माहीत आहे. रंग दिल्यावरच अचानक ठिपके उमटतात. सुलेखनात ते ‘इथे छान, तिथे फुटलं’ अशा रूपात दिसतं.

ठिकठिकाणी फुटण्याचं दुसरं कारण आपल्याच हातात असतं, ते म्हणजे खोडरबर. देवनागरीत पेन्सिलीच्या रेषा बऱ्याच लागतात. शिरोरेघेची, तळाची, वरच्या मात्रांची, खालच्या उकारांची. त्यातली शिरोरेघेची रेष सगळ्यात जास्त वेळा आखली जाते, खोडली जाते, पुन्हा आखली जाते. खोडरबर कागदाचा वरचा थर उचलतो, त्याबरोबर खळही जाते, आणि मग बाकी अक्षर स्वच्छ आणि शिरोरेघ तेवढी तंतूंनी भरलेली असं चित्र दिसतं. तुमचं नेमकं असंच होत असेल तर उपाय फुकट आहे. मांडणी वेगळ्या कागदावर ठरवा, चांगल्या कागदावर २एच पेन्सिलीने एकदाच आणि हलक्या हाताने आखा, शाई पूर्ण सुकल्यावरच खोडा. कागद पारदर्शकतेकडे झुकणारा असेल तर खाली गडद रेघांचा कागद ठेवून आखणीच टाळता येते.

कागदावरचे उपाय

पहिला आणि सोपा उपाय वाळवण्याचा. लिहिण्याआधी कागद दोन कोऱ्या कागदांमध्ये ठेवून कोमट इस्त्री फिरवा. वाफ बंद ठेवा, नाहीतर उलटंच होईल. लगेच लिहायला बसा. तासाभराने कागद पुन्हा हवेशी बरोबरी करतो, म्हणून सगळा गठ्ठा एकदम वाळवून उपयोग नाही. उरलेला कागद हवाबंद पिशवीत, आत सिलिका जेलच्या पुड्या, आणि पिशवी भिंतीला न टेकवता आडवी. पश्चिमेकडच्या ओल येणाऱ्या भिंतीला लागून असलेलं कपाट कागदासाठी सगळ्यात वाईट जागा.

वाळवूनही फुटत असेल तर खळ गेलेली आहे, किंवा मुळात नव्हतीच. मग ती आपण द्यायची. यात दोन रस्ते आहेत.

जिलेटिनचा रस्ता जास्त भरवशाचा. ५ ग्रॅम बिनचवीचं जिलेटिन २५० मिलिलिटर गार पाण्यात अर्धा तास फुगू द्या, मग भांडं गरम पाण्यात ठेवून विरघळवा. उकळू नका, उकळलं की जिलेटिनचा चिकटपणा कमी होतो. कोमट असतानाच रुंद मऊ ब्रशने कागदाच्या एका बाजूला सलग हात द्या, दोरीवर चिमट्याने वाळवा, मग दुसरी बाजू. वाळल्यावर वजनाखाली दाबून ठेवा, नाहीतर कागद वाकडा राहतो. काहीजण यात चिमूटभर तुरटी घालतात. त्याने थर कडक होतो हे खरं, पण तुरटी आम्लधर्मी, कागद वर्षांनी पिवळा आणि ठिसूळ होतो. सरावाला चालेल, कुणाच्या मानपत्राला नको.

जिलेटिन प्राणिजन्य असतं, आणि देवाचं नाव लिहायच्या कागदाला ते लावायचं नाही असं अनेक घरांत म्हणतात. मग खळीचा रस्ता. चहाचा एक चमचा आरारूट किंवा कॉर्नफ्लॉवर थोड्या गार पाण्यात कालवा, पाऊण कप उकळत्या पाण्यात घालून पारदर्शक होईपर्यंत ढवळा, पातळ फडक्यातून गाळा. हात अगदी पातळ द्या. जाड थर दिला तर घडी पडली की तडा जातो. वाळल्यावर घोटा. घोटायला अकीकाचा गुळगुळीत दगड शोधत बसू नका. मोठी गुळगुळीत कवडी किंवा स्टीलच्या चमच्याची पाठ, मध्ये बटर पेपर, आणि एकाच दिशेने दाब. खळीच्या कागदाला घोटणं हे निम्मं काम आहे. ते चुकवून खळ काम करत नाही म्हणणारे खूप भेटतात. पुस्तकबांधणीवाले खळीत कीड लागू नये म्हणून मोरचूद (कॉपर सल्फेट) घालायचे. ते विषारी आहे. घरात मुलं असतील तर त्याच्या वाटेला जाऊ नका, खळ दिलेला कागद फार दिवस साठवू नका एवढंच पुरे.

घाईच्या वेळी खडूची अगदी बारीक पूड कागदावर हलके चोळून, पूर्ण झटकून लिहिता येतं. हाताचा तेलकटपणा आणि थोडी ओल ती टिपते. खळ मात्र परत येत नाही. पूड राहिली तर बोरूच्या चिरेत जाऊन वेगळाच त्रास.

शाईकडे वळू

साक्षीच्या पट्टीवरही फुटली तर शाई. फाउंटन पेनची शाई पाण्यासारखी पातळ असते आणि निबमधून सहज वाहावी म्हणून त्यात पृष्ठताण कमी करणारे घटक असतात. पेनच्या बारीक टोकाला ते वरदान, पण सहा मिलिमीटर रुंदीच्या बोरूतून तीच शाई भरपूर उतरली की कागदाला झेपत नाही. रुंद टोकाच्या पॅरलल पेनांचंही हेच, ती मुळात ओली लिहितात. त्यांच्यासाठी कागद निवडूनच घ्यावा लागतो. शाई दाट करायला म्हणून त्यात वॉटरप्रूफ ड्रॉइंग इंक मात्र घालू नका. त्यात लाख असते, आत सुकली की पेन गेलं.

बोरू किंवा टाक वापरत असाल तर फुटणाऱ्या शाईवर बाभळीच्या डिंकाइतका स्वस्त इलाज नाही. डिंकाचे खडे रात्रभर पाण्यात भिजवून, फडक्यातून गाळून मधाळ पाणी करा. चमचाभर शाईत दोन थेंब, ढवळून अनुस्वार, अजून फुटतोय तर आणखी एक थेंब. डिंकाने शाई दाटते, धाग्यांत शिरण्याआधी वरच सुकते. थांबायचं कुठे ते अक्षरच सांगतं. वाळलेल्या रेषेला चकाकी यायला लागली की एक थेंब जास्त झाला. त्यापुढे गेलात तर कागद वाकवल्यावर शाईचे पापुद्रे निघतात, आणि दमट हवेत डिंक पुन्हा चिकट होऊन समोरच्या पानाला शाई चिकटते. पावसाळ्यात वह्यांची पानं अशी चिकटलेली पाहिली असतील.

काळ्या अक्षरांचं काम असेल तर मी सरळ काळ्या पोस्टर कलरकडे जातो. त्यात रंगाचे कण आणि चिकट द्रव्य दोन्ही आधीच असतात, फक्त पाण्याने लिहिण्याइतका सैल करायचा. रंगद्रव्य विरघळलेलं नसून कणरूपात असल्याने ते धाग्यांतून लांब पळत नाही. तोटा एवढाच की वाळल्यावर ओला हात लागला की डाग पडतो.

दोन कारणं मात्र लोक विचारातच घेत नाहीत. एक, संपत आलेल्या शाईत घातलेलं पाणी. शाई दाट झाली म्हणून बाटलीत पाणी घालणं म्हणजे डिंक आणि लाख पातळ करणं. तिथून फुटणं सुरू होतं, आणि लाखेच्या शाईत नळाचं पाणी गेलं तर ती फाटूही शकते. पाणी घालायचंच तर डिस्टिल्ड, आणि बाटलीत नको, वाटीत. दुसरं, भांड्यांचा साबण. बोरू, निब किंवा वाटी साबणाने धुऊन नीट विसळली नाही की त्या साबणाने शाईचा पृष्ठताण पडतो आणि काल शहाणी असलेली शाई आज भटकायला लागते. नवं धातूचं निब साबणाने धुवावं लागतं, त्यावर कारखान्यातलं तेल असतं. पण धुतल्यावर वाहत्या पाण्याखाली भरपूर विसळा.

बोरू आणि हात

इथे फार रेंगाळायची गरज नाही. अनुस्वाराचे कोपरे गोल होत असतील तर चीर बघा. उजेडासमोर धरल्यावर दोन पाकळ्यांमध्ये फट दिसत असेल तर बोरू पुन्हा कापा, ती चीर दुरुस्त होत नाही. दौतीत कापसाचा किंवा रेशमी धाग्यांचा बोळा ठेवला की बोरू त्यावर टेकवायचा, बुडवायचा नाही, शाई बेताचीच लागते. बुडवल्यावर पहिली रेष रद्दी कागदावर मारा. लिहायचा फळा टेबलावर सपाट न ठेवता पुस्तकांच्या टेकणाने उतरता ठेवला की बोरू आडवा येतो आणि शाई सावकाश उतरते.

हाताच्या गतीचं मात्र सांगायला हवं. शिकणारा माणूस रेष हळू काढतो. बोरू कागदावर जितका जास्त वेळ, तितकी शाई जास्त. कार्यशाळेत शिक्षकांनी त्याच कागदावर, त्याच दौतीतून काढलेलं अक्षर स्वच्छ आणि आपलं फुटलेलं, यामागे बहुतेकदा हीच गोष्ट असते. त्यामुळे शिक्षकांनी “कागद ठीक आहे” म्हटलं तरी तो तुमच्यासाठी ठीक असेलच असं नाही. नवशिक्याला खरं तर शिक्षकापेक्षा चांगला कागद लागतो, आणि आपण नेमका उलटा हिशेब करतो, सरावाला सगळ्यात स्वस्त झेरॉक्सचा कागद.

देवनागरीची म्हणून आणखी एक जागा आहे, अक्षर जिथे शिरोरेघेला मिळतं तो सांधा. बहुतेकजण शब्द पूर्ण करून शेवटी शिरोरेघ ओढतात. काना अजून ओला असेल तर ओल्यावर ओलं चढतं, सांध्यात शाई साचते आणि तिथून फुटते. ओळीतले सगळे शब्द आधी लिहा आणि मग पहिल्या शब्दापासून शिरोरेघा देत या, तोवर पहिला शब्द सुकलेला असतो. ‘ळ’, ‘क’ आणि ‘भ’ची गाठ यांची पोकळी भरत असेल तर बोरूच्या मानाने अक्षर लहान आहे का तेही बघा. शाईला बोल लावण्याआधी अक्षराची उंची थोडी वाढवून पाहावी.

परदेशात थंडीच्या दिवसांत हीटर लावून लिहिणाऱ्या मराठी मंडळींची तक्रार अगदी उलट असते, शाई टोकावरच सुकते आणि रेष तुटते. त्यांनी वरचा डिंकाचा उपाय करू नये, आणखी अडेल.

फुटलेलं काम वाचवायचं असेल तर

सगळं फुटणं वाईट नसतं, हेही एकदा म्हणायला हवं. ओल्या कागदावर मुद्दाम पसरू दिलेली शाई, खरखरीत सुटलेला ब्रश हे आजच्या मुक्त सुलेखनात सर्रास वापरतात. सुलेखनकार अच्युत पालवांचं काम पाहिलेल्यांना ते वेगळं सांगायला नको. पण तिथे पसरणं ठरवून आणलेलं असतं. पाटीवर ‘श्री’चा डोळा भरला तर तो प्रयोग म्हणून खपत नाही.

कागद जाड असेल तर तंतू नव्या ब्लेडच्या टोकाने, शाई पूर्ण सुकल्यावर, आडवं धरून खरवडता येतात. खरवडलेली जागा चमच्याच्या पाठीने घोटून घ्या. त्या जागी पुन्हा शाई मात्र लावू नका, आता तिथे खळ उरलेली नाही. पांढऱ्या कागदावरचं आणि छापायचं काम असेल तर पांढऱ्या पोस्टर कलरने बारीक ब्रशने कड कापून घ्या. संगणक येण्याआधी छापखान्याला द्यायच्या अक्षरांवर जाहिरात कलाकार असाच हात फिरवायचे. कमल शेडगे यांच्यासारख्यांनी केलेल्या नाटकांच्या शीर्षकांच्या काळात कलाकाराच्या टेबलावर काळ्याइतकीच पांढऱ्याची बाटली महत्त्वाची. आज स्कॅन करून फोटो संपादनाच्या कुठल्याही अ‍ॅपमध्ये काळं अधिक काळं आणि करडं पांढरं केलं की फिके तंतू निघून जातात. गडद तंतू राहतात, ते हाताने पुसावे लागतात.

आणि मंडळाची चार फुटी पाटी उद्या सकाळी हवी असेल, कागद कोऱ्या कार्डशीटचा आणि बाहेर पाऊस, तर यातलं काहीच करू नका. बोरू बाजूला ठेवा, सपाट ब्रश घ्या, पोस्टर कलर दाट ठेवा आणि अक्षर मोठं काढा. वरून प्लॅस्टिक लावायला मात्र कुणाला तरी आत्ताच सांगून ठेवा.